मदत हवी आहे: इंग्लंडात आमच्या गल्लीतला दिवा नक्की कोणाचा?

कराडची_सून

नमस्कार मंडळी,

दक्षिण इंग्लंडातल्या एका छोट्या गावात गेल्या वर्षी आम्ही घर घेतलं. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा सहा आठवडे बंद आहे. डिसेंबरात इथे चार वाजताच अंधार पडतो आणि मुलं त्याच सुमारास शाळेतून येतात. परवा शेजारच्या आजी पडता पडता वाचल्या.

आधी टाउन काउन्सिलला फोन केला. ते म्हणाले, डिस्ट्रिक्टला विचारा. डिस्ट्रिक्टवाले म्हणाले, दिवे काउंटीकडे. काउंटीच्या साइटवर नकाशातल्या खांबावर क्लिक करून तक्रार टाकायची असते. नकाशात मेन रोडचे सगळे खांब ठिपक्यांनी दाखवलेत आणि आमची गल्ली कोरी. जणू इथे कोणी राहतच नाही.

त्यात सध्या सासरे आलेत. आण्णा गावाकडे दोन टर्म सरपंच होते, त्यामुळे त्यांना हे प्रकरण स्वतःचंच वाटायला लागलंय. शनिवारी बाजारात इथले मेयर गळ्यात ती जाड सोनेरी साखळी घालून उभे होते. आण्णांनी मला दुभाष्या करून थेट त्यांना गाठलं. "आमच्या गल्लीत लाइट नाही, उद्या वायरमन पाठवा." मेयरनी हात मिळवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवे माझ्या हातात नाहीत, पण बागेतल्या बाकांबद्दल काही असेल तर जरूर सांगा. घरी येईपर्यंत आण्णांचं एकच: "एवढी साखळी घालून एक बल्ब बदलता येत नाही?"

तर प्रश्न असा, की एवढ्याशा गावाला तीन तीन काउन्सिल कशाला, आणि माझा दिवा त्यातल्या कोणाचा? काउन्सिल टॅक्स तर दर महिन्याला वेळेवर कापला जातो.

ओव्हरकोट

फिक्समायस्ट्रीट या तक्रारींच्या साइटवर टाका. पिनकोड दिला की तक्रार बरोबर त्या काउन्सिलकडे जाते.

थेम्सकाठी

मी ॲबिंग्डनला असते, आमच्याकडेही तीन मजले आहेत. वर ऑक्सफर्डशायर काउंटी काउन्सिल, मध्ये व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स डिस्ट्रिक्ट, खाली ॲबिंग्डनचं टाउन काउन्सिल. आण्णांना सांगा, काउंटी म्हणजे साधारण जिल्हा परिषद: रस्ते, शाळा, लायब्ररी, वृद्धांची आणि अपंगांची काळजी. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं, बांधकाम परवानगी, घरांचे अर्ज. टॅक्सचं बिलही डिस्ट्रिक्टच पाठवतं, म्हणून सगळ्यांना वाटतं पैसे तिथेच जातात. बिल उलगडून बघा, सगळ्यात मोठी रक्कम काउंटीपुढे दिसेल. पोलिसांचा वाटा वेगळा आणि टाउन काउन्सिलचा अगदी किरकोळ. त्या किरकोळीत बागा, बाकं, दफनभूमी, भाजीचे वाफे, नाताळची रोषणाई असलं येतं.

आणि मेयर म्हणजे आपला थेट निवडून आलेला सरपंच नव्हे हो! टाउन काउन्सिलचे सदस्य मे महिन्यात आपल्यातलाच एक जण वर्षभरासाठी निवडतात. सभा चालवायची, फिती कापायच्या. आमच्याकडे राजघराण्यात काही मोठा प्रसंग असला की नगरसेवक काउंटी हॉलच्या छतावर चढून खाली जमलेल्या लोकांवर गोल पाव फेकतात. ही जुनी प्रथा आहे, थट्टा नाही. तेवढा अधिकार मात्र पक्का.

शेवपुरी_यूके

ताई, आधी एक सांगा. तुमची वसाहत नवी आहे का? आणि वर्षाला एखाद्या मॅनेजमेंट कंपनीला वेगळे पैसे भरता का?

कराडची_सून

हो, २०२१ ची आहे. वर्षाचं एक बिल येतं, हिरवळ कापायचं म्हणून. पण दिव्याचा आणि त्याचा काय संबंध?

शेवपुरी_यूके

तोच तर संबंध. तुमचा रस्ता बहुतेक काउंटीने अजून ताब्यात घेतलेला नाही. आपल्याकडे बिल्डर ले-आउट नगरपालिकेला हस्तांतरित करत नाही आणि लोक वर्षानुवर्षं खड्ड्यांतून जातात ना, हुबेहूब तेच. इथे १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ३८ खाली बिल्डर आणि काउंटी यांच्यात करार होतो. बिल्डर ठरल्याप्रमाणे रस्ता आणि दिवे करतो, हमीची रक्कम ठेवतो, काउंटीचा इंजिनियर तपासतो, दुरुस्त्या सांगतो. त्या झाल्या की काही काळ देखभाल बिल्डरचीच, आणि मग रस्ता काउंटीचा. मधे कुठे गाडी अडली की दिवा बिल्डरचा. काही ठिकाणी असा करारच नसतो आणि रस्ता कायमचा खाजगी राहतो. टॅक्समध्ये मात्र एक पेनी सूट नाही, कारण तो कर आहे, सेवेची फी नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत इथल्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीनेही (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) घरबांधणीवरच्या अहवालात नेमक्या या प्रकारावर बोट ठेवलं होतं.

आता करायचं काय: सार्वजनिक खर्चाने राखायच्या रस्त्यांची यादी ठेवणं काउंटीला कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती कोणालाही फुकट बघता येते. त्यात तुमची गल्ली शोधा. घर घेताना सॉलिसिटरने जो सर्च (मालमत्तेची कायदेशीर चौकशी) केला, त्यातही हे लिहिलेलं असतं. आपण कोणीच वाचत नाही ते. नाव नसेल तर बिल्डरला लेखी तक्रार पाठवा, आणि काउंटीला विचारा की कलम ३८ चा करार आहे का आणि कुठे अडलाय.

शिवाय तुमच्या भागाच्या काउंटी काउन्सिलरला भेटा. ते लायब्ररीत वगैरे 'सर्जरी' घेतात. घाबरू नका, गाऱ्हाणी ऐकायची वेळ असते ती.

थेम्सकाठी

आणि मतदार यादीत नाव नसेल तर आधी घाला! भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्याला मत देता येतं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. २०२३ पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्याला आपला पासपोर्ट चालतो. मतदार म्हटलं की काउन्सिलरचा सूरच बदलतो, स्वानुभव.

बकिंगहॅमचा_बंड्या

आमच्या आइल्सबरीला २०२० पासून काउंटी आणि चारही डिस्ट्रिक्ट मोडून एकच बकिंगहॅमशायर काउन्सिल केलंय. टाउन काउन्सिल तेवढं खाली शिल्लक. सरकारने २०२४ च्या डिसेंबरात काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असा दोन मजल्यांचा कारभार इंग्लंडात सगळीकडेच बंद करायचं जाहीर केलंय, म्हणजे तुमच्याकडेही पाटी बदलेल. पण बिल्डरकडे असलेला रस्ता बिल्डरकडेच राहील, त्या भरवशावर थांबू नका.

कराडची_सून

सगळ्यांचे खूप आभार. सांगितल्याप्रमाणे यादी बघितली. मेन रोड आहे, आमची गल्ली नाही! सर्चचे कागदही सापडले. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलंय की रस्ता अजून ताब्यात घेतलेला नाही, करार झालेला आहे. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

आण्णा काल रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडले. मेन रोडच्या प्रत्येक खांबावर छातीएवढ्या उंचीवर आकडा लावलेला आहे. आमच्या गल्लीतल्या पाच खांबांवर काहीच नाही. त्यांनी पाचही खांबांचे फोटो काढले, वहीत गल्लीचा नकाशा काढला आणि शेजारच्या आजींसकट अकरा घरांच्या सह्या घ्यायला मला सोबत नेलं. नऊ मिळाल्या. बिल्डरला आज पत्र गेलं, एक प्रत काउंटीला.

सर्जरी शनिवारी दहा वाजता आहे. आण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट आतापासूनच खुर्चीवर टाकून ठेवलाय. बिल्डरने उत्तरच दिलं नाही तर पुढे कुठे दाद मागायची, हे कोणाला माहीत असेल तर लिहा.