मदत हवी आहे: आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो, लेन्सवर धुकं आणि मागे काळंकुट्ट

पिंपळपान: शुक्रवारी निघतोय, लवकर सांगा. मागच्या वेळचे रात्रीचे सगळे फोटो वाया. लेन्सवर धुकं, बेडूक पांढराफटक, मागे काळं. सेटिंग काय ठेवू? नवी लेन्स घ्यावी लागेल का? 'आधी बेसिक शिका' असले सल्ले नकोत.

चिखलपाय: कॅमेरा? लेन्स? फ्लॅश वरचा की वेगळा? आणि बेडूक कोणता?

रानवारा: १५०-६०० ची लांब लेन्स घ्या, डोळे झाकून. ताडोब्यात वाघ असा येतो की बस्स.

चिखलपाय: अहो, त्यांना बेडूक काढायचाय.

पिंपळपान: कॅनन ७००डी, ५५-२५० एसटीएम. फ्लॅश कॅमेऱ्यातलाच. बेडूक हिरवा, झाडावरचा.

चिखलपाय: मोठा, पंजांत पडदे असलेला असेल तर मलबारी उडता बेडूक. तो दहा सेंटीमीटरपर्यंत भरतो. तुमची लेन्स ८५ सेंटीमीटरवरून फोकस करते, तिथे फ्रेमची रुंदी पावणेआठ सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे त्याच्यासाठी खर्च शून्य. सड्यावरचा, म्हणजे कातळपठारावरचा, आंबोली टोड किंवा छोटे झुडपी बेडूक जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचे, त्यांना हे कमी पडेल.

बेडूक पांढरा पडतो कारण फ्रेम बहुतेक काळी, म्हणून ऑटो फ्लॅश जास्त उजेड फेकतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे १ ठेवा. मोड एम (मॅन्युअल), शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ ४००. ओल्या कातडीवरचे चकाकते ठिपके मात्र यानं जाणार नाहीत, उजेडाचा उगम लहान आहे म्हणून ते येतात. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम वीतभर कापून फ्लॅशपुढे चार बोटांवर उभा करा, तो थोडा उजेड अडवतो म्हणून आयएसओ ८०० करा.

गवत्या: मागचं काळं घालवायला शटर १/१५ करा, झालं.

चिखलपाय: संध्याकाळी चालेल. रात्री नऊला मागे उजेडच नसतो, शटर उघडं ठेवून येणार काय? वर हात हलला की फोटो गेला. त्यापेक्षा बाजूला सरकून असा कोन शोधा की बेडकामागे वीतभरावर एखादं पान येईल. फ्लॅशचा उजेड त्यावर पडतो, मागे आपोआप हिरवं येतं.

गवत्या: मग बेडूकच उचलून चांगल्या पानावर ठेवायचा ना.

देवचार: अजिबात नको. हाताला डासांचं मलम, जळवांसाठीचं मीठ-तंबाखू काय काय असतं, ते त्याच्या कातडीतून आत जातं. शिवाय नर ओरडत असेल तर तेवढ्यानं गप्प होतो. तेच मलम कॅमेऱ्याच्या रबरालाही लावू नका, चिकट होतं.

पिंपळपान: धुक्याचं कोणी बोललंच नाही!!

देवचार: कॅमेरा एसीत होता का?

पिंपळपान: हो, गाडीत आणि रूमवरही.

देवचार: मग दुसरं कारण शोधू नका. काच गार, बाहेरची हवा पाण्यानं भरलेली. खोलीतला एसी बंद. गाडीतून उतरण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा, बाहेर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या, मग उघडा. पिशवी लगेच उघडली तर सगळं व्यर्थ. पुसत बसू नका, पुन्हा येतं आणि चरे पडतात ते वेगळेच. घरी आल्यावर ओली बॅग कपाटात टाकलीत तर बुरशी ठरलेली.

सुगरण_नाही: चौकुळच्या बाजूला जेवण कुठे चांगलं मिळतं?

देवचार: वेगळा धागा काढा. पिंपळपान, फांदीला हात लावण्याआधी टॉर्च मारा. बेडूक असतो तिथे मलबारी चापडा हा विषारी सापही असतो, कधी हिरवा, कधी तपकिरी, पानासारखाच. आपल्याकडचं प्रतिविष चार सापांचं, त्यात हा नाही. मीटरभर लांबच राहा, २५० पर्यंतची लेन्स आहे ना तुमच्याकडे.

पिंपळपान: ठीक. टोडसाठी एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसते ती नळी) चालेल? साडेतीनशेत मिळतेय.

चिखलपाय: त्या भावात बिनकॉन्टॅक्टची असते, म्हणजे बॉडी आणि लेन्सची विजेची जोडणी नसते, बॉडीवरून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. कॉन्टॅक्टवाली घ्या, नाहीतर रेनॉक्स १५० ही क्लोज-अपची जोडभिंग, ती लेन्सपुढे चिमट्यासारखी बसते. ती लावल्यावर वीसेक सेंटीमीटरवरच फोकस होईल, तेव्हा फोम लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणा, नाहीतर खाली लेन्सची सावली पडते.

पिंपळपान: शुक्रवारपर्यंत येईल का ती?