आयात कॉफी मिश्रण: परवान्याइतकेच लेबलही पाहावे

मलेशियातून ‘थ्री इन वन’ (कॉफी, साखर आणि क्रीमर एकत्र असलेल्या) कॉफीची पाकिटे आणून बेळगावात विकायला केवळ आयात-निर्यात कोड (परदेशी व्यापारासाठी सरकारकडून मिळणारा क्रमांक) पुरेल का, या प्रश्नाबाबत थोडे सांगतो. तो पुरत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आयातदार म्हणून केंद्रीय परवानाही लागतो, आणि दुकानासाठी घेतलेला साधा परवाना त्याची जागा घेत नाही.

खरी मेख मात्र लेबलात आहे. परवाना क्रमांक, आयातदाराचे नाव-पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हे न निघणाऱ्या स्टिकरने बंदरातच लावण्याची मुभा असते. पण घटकांची यादी किंवा उत्पादनाची तारीख मूळ वेष्टनावर नसेल, तर ती उणीव स्टिकरने झाकता येत नाही. रविवार पेठेतील आमच्या दुकानात एकदा आलेल्या पाकिटांवरचा स्टिकर मी नखाने अलगद सोलून काढला आणि (पुरवठादार रुसला तरी) माल परत पाठवला.

शिवाय आयातीच्या वेळी एकूण टिकाऊ मुदतीच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. सवलतीत मिळतो म्हणून मुदतीच्या काठावरचा माल उचलला, तर तो बंदरातून सुटूनही निपाणी-खानापूरच्या किरकोळ दुकानांत पोहोचेपर्यंत मुदत संपत आलेली असते आणि त्याला कोणी हात लावत नाही.