मदत हवी आहे: डेसोजेस्ट्रेलची गर्भनिरोधक गोळी आणि फिरती शिफ्ट, वेळ कशी सांभाळायची?

वसनाकाठ
बाळ पाच महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. पाळी अजून आलेली नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम लिहून दिलीय, चिठ्ठीवर ‘रोज १, खंड नको’ एवढंच. रजा संपली की एमआयडीसीत शिफ्ट: एक आठवडा ७ ते ३, मग ३ ते ११, मग रात्रपाळी. वेळ कोणती धरू? चुकली तर? आशाताईंकडे माला-एन ही गर्भनिरोधक गोळी मिळते, ती का नको? आणि घरात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या पडून आहेत, त्याही त्यातल्याच ना?

औषधांचा_डबा
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे गफलत झाली की दिवस जातात. सणावाराला पाळी लांबवायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. त्याच औषधाची गर्भनिरोधक गोळी ०.३५ मिलिग्रॅमची असते आणि ती रोज घ्यायची असते. ५ची गोळी थोडे दिवस पाळी थोपवायला आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

माला-एनमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोनही असतं. त्याने दूध कमी होऊ शकतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले ६ महिने ती देत नाहीत. तुमच्या गोळीत इस्ट्रोजेन नाहीच. पाकिटातही फरक आहे. माला-एनच्या २८ पैकी ७ गोळ्या लोहाच्या असतात, तुमच्या २८च्या २८ औषधाच्या. पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू. मध्ये ७ दिवस सोडायचे असतात असं समजून बऱ्याच जणी इथेच चुकतात.

रात्री_नऊ
ताई, रात्री ९ धरा. पहिल्या शिफ्टला तुम्ही घरी असाल, दुसरीला कामावर, तिसरीला निघायच्या तयारीत. तिन्ही वेळा जाग्याच. एक पाकीट डब्याच्या पिशवीतच ठेवा.

डेसोजेस्ट्रेलला १२ तासांपर्यंत उशीर चालतो, म्हणजे सकाळी ९ पर्यंत. जुन्या गोळ्यांना (लेव्होनॉरजेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन) ३च तास. त्या मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट करतात आणि तो दाटपणा दिवसभरानंतर ओसरू लागतो. डेसोजेस्ट्रेल त्याशिवाय बहुतेक महिन्यांत बीजच सुटू देत नाही. म्हणून मेडिकलवाल्याने ‘तीच आहे’ म्हणत दुसरी दिली तर आतल्या औषधाचं नाव वाचा, १२ तासांचा हिशेब बदलतो.

सकाळचे ९ उलटून गेले? आठवेल तेव्हा लगेच एक घ्या, पुढची रात्री ९ लाच. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. मग २ दिवस निरोध. पाकिटातल्या कागदावर ७ दिवस लिहिलं असेल तर ७ पाळा. त्या काळात निरोधाशिवाय संबंध आला तर ७२ तासांच्या आत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, जितकी लवकर तितकी बरी. अंगावर पाजताना ती चालते. रोजच्या गोळीनंतर ३-४ तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या.

वसनाकाठ
खूप आभार. डाग पडत राहतात म्हणे? आणि नणंदेला टीबीची औषधं चालू आहेत, तिलाही हीच गोळी चालेल का?

औषधांचा_डबा
नणंदबाईंना नको. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला हार्मोन भराभर मोडायला लावतं, गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. रिफॅम्पिसिन संपल्यावरही २८ दिवस हा परिणाम धरावा. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. नणंदबाईंसाठी अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर ३ महिन्यांनी, किंवा तांबी. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत. टीबी ओटीपोटाचा असेल तर मात्र तांबी बसवू नये.

रात्री_नऊ
डाग पडणारच हे धरून चाला, विशेषतः पहिले काही महिने. कुणाला आठ-दहा दिवस थेंबथेंब जातं, कुणाची पाळी महिनोन् महिने येत नाही. साठलेलं रक्त बाहेर पडावं म्हणून गोळी थांबवू नका, आत काही साठत नाही. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा तासाभरात पॅड भिजू लागलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

पाळीच नसेल तर दिवस गेल्याचं कळणार कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. गोळी चुकून संबंध आला असेल तर त्यानंतर २१ दिवसांनी घरी लघवीची चाचणी करा. त्याआधीच्या ‘नाही’ वर विश्वास ठेवू नका. तोवर गोळी चालूच ठेवा. गर्भ असलाच तरी तिने त्याला इजा होते असं आढळलेलं नाही.