दूरदर्शनवरची चंद्रकांता मालिका बघितलेले कोण कोण आहेत इथे? (यक्कू!)

माधवी_मालवा:
परवा इथे इंदुरात, रामबागेत एका हळदीला गेले होते. नवऱ्या मुलाचा मामा, पन्नाशी उलटलेला गंभीर माणूस, पाटावर बसलेल्या भाच्यासमोर आला, कमरेवर हात ठेवले आणि मान तिरकी करून मालिकेतल्या खलनायक क्रूरसिंहासारखा ओरडला, "यक्कू!" आम्ही चाळिशीपुढच्या सगळ्या बायका हसून बेजार. पंचविशीतली पोरं एकमेकांची तोंडं बघत होती. एकीने तर विचारलं, "मामांना बरं वाटत नाहीये का?"

तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. १९९४, रविवारची सकाळ, नंदलालपुऱ्यातला आमचा वाडा. कलर टीव्ही खाली काकांकडे, त्यामुळे वरचे तीन बिऱ्हाडकरू आपापल्या बशा घेऊन खाली. आमच्या आजोबांनी देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी तरुणपणी वाचलेली, चारही भाग. हिंदी वाचायची गोडीच त्यांना त्या पुस्तकाने लागली म्हणायचे. ते पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीत बसत. मालिकेत पुस्तकाबाहेरचं काही आलं की बोलत काहीच नसत, फक्त चष्मा काढून ठेवत. विषकन्या सुरू झाल्या त्यानंतर चष्मा बहुतेक वेळ टेबलावरच असायचा. पण खुर्ची कधी सोडली नाही!

तुमच्याकडे काय व्हायचं? पुस्तक वाचून मग मालिका पाहिलेले कुणी आहेत? राग आला होता की मजा? लिहा.

सराफ्यातला_सदू:
यक्कूऽऽऽ
(बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आहे)

अश्विनी_लोकमान्यनगर:
आमच्या बंधुराजांनी आईच्या काजळाने क्रूरसिंहाच्या भुवया काढल्या होत्या. साध्या नाही, कपाळावर चढून कानाकडे वळलेल्या. रविवारी दिवसभर मिरवलं. रात्री धुवायला गेला तर घरचं काजळ ते, एरंडेलातलं, निघतंय कशाला. आईने खोबरेल चोळलं, मग बेसन, मग परत खोबरेल. सोमवारी कपाळभर राखाडी ढग घेऊन शाळेत. बाईंनी काही विचारलं नाही, पुढच्या बाकावर बसवलं आणि तासभर त्याच्याकडे बघायचं टाळत शिकवलं. आता तो बँकेत मॅनेजर आहे. हा धागा त्याला पाठवते.

टिल्लू७९:
आम्ही ऐयार-ऐयार (म्हणजे मालिकेतले वेष बदलणारे हेर) खेळायचो. बेहोशीची बुकटी म्हणजे टाल्कम पावडर, शुद्धीवर आणायचा लखलखा म्हणजे चिरलेला कांदा. चुलतबहीण खरंच बेशुद्ध पडल्याचं इतकं छान नाटक करायची की एकदा आजीने तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. मार मला.

खजुरीबाजारवाला:
मी तेव्हा खजुरी बाजारात मामाच्या पुस्तकांच्या दुकानात बसायचो. जूनमध्ये पोरांची गाइडं घ्यायला आलेल्या आया हळूच विचारायच्या, "भैया, चंद्रकांता है क्या?" मामा वस्ताद. चंद्रकांता संपली असली की 'चंद्रकांता संतति' पुढे सरकवायचा. चोवीस भाग! पुढच्या आठवड्यात बाई परत, "अहो, यात चंद्रकांता कुठे आहे, ही तर तिच्या मुलांची गोष्ट!" मामा म्हणायचा, पहिली पुढच्या गाडीने येतेय, तोवर मुलांची ओळख करून घ्या.

जुना_इंदुरी:
माधवीताई, तुमच्या आजोबांचा चष्मा मला पूर्ण समजतो. मी पुस्तक आधी वाचलं होतं. कादंबरी १८८८ ची. खत्रींनी काशीकडे चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, तिथले पडके किल्ले, गुहा, झरे पाहत हिंडले, त्यातून ही सृष्टी आली. नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता आणि मध्ये चुनारगढचा शिवदत्त. मुळात ही सरळ प्रेमकथा आहे. वीरेंद्र तिच्या विरहात जेवण टाकतो, आणि दोघांसाठी खरी धावपळ करतात त्यांचे ऐयार, तेजसिंह आणि चपला. ही चपला नुसती सखी नाही, स्वतः पक्की ऐयारीण.

महत्त्वाचं म्हणजे पुस्तकात जादू नाही! तिलिस्म म्हणजे कळसूत्री दारं, चाकं, पुतळे, रसायनं. ऐयारांचा कायदासुद्धा ठरलेला: पकडलेल्या ऐयाराला कैद करायचं, जीव घ्यायचा नाही. टीव्हीवर मात्र उजेडाचे झोत, नाग आणि राक्षस. पटकथा कमलेश्वरांसारख्या माणसाची, तरी पहिले काही भाग सोडले तर प्रेम शोधावं लागायचं. क्रूरसिंहाला पुस्तकात एवढी जागाच नाहीये.

मीनल_के:
काका सगळं मान्य पण यक्कू पुस्तकात आहे का? नाही ना. मग टीव्ही जिंकला 😄

जुना_इंदुरी:
क्रूरसिंह करणारे अखिलेंद्र मिश्रा जिंकले. टीव्ही नव्हे.

मीनल_के:
बरं ते राहू दे. आपला वीरेंद्र, शाहबाज खान!! कंपासपेटीच्या झाकणात त्याचा मासिकातला फोटो चिकटवलेला होता माझ्या. भूमितीच्या पेपरला बाईंनी पेटी उघडायला सांगितली, कॉपी आहे का बघायला. "हे कोण?" म्हटलं "भाऊ."

रियाझी:
मीनल, त्या "भावा"चे वडील ठाऊक आहेत का? शाहबाज खान म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांचे चिरंजीव. आपल्या इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँ! माझे वडील पेटी वाजवायचे, हिंदी मालिकांना नाकं मुरडणारा माणूस. पण कुणीतरी हे सांगितलं आणि पुढच्या रविवारी अंघोळ करून, बंडीऐवजी धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर हजर. चंद्रकांता कोण, शिवदत्त कोण, कशाशी देणंघेणं नाही. मुलगा पडद्यावर आला की म्हणायचे, "कपाळ बघ. खाँसाहेबांचं कपाळ." तलवारबाजी चालू असताना वडील ७४ साली कलकत्त्याला खाँसाहेब ज्यात गेले त्या अपघाताबद्दल बोलत बसायचे. आई म्हणे, अहो पोरांना बघू द्या.

मग मालिकेनंतर खाँसाहेबांच्या मारव्याची रेकॉर्ड लागायची. सकाळी! मारवा, संध्याकाळचा राग! वडिलांना वेळेचं एवढं सोवळं, पण रविवारी सूट होती.

माधवी_मालवा:
रियाझी, हे मला अजिबात माहीत नव्हतं! इंदूरचाच नायक आणि आम्ही यक्कू यक्कू करत बसलो. अंगावर काटा आला.

सराफ्यातला_सदू:
रेकॉर्ड अजून आहे का हो? विकायची असेल तर व्यक्तिगत निरोप करा

रियाझी:
सदू भिया, वडिलांची आहे. जीव गेला तरी नाही.

ग्वाल्हेरची_सून_इंदूरची_लेक:
मला बघायला आले तेच रविवारी सकाळी. मंडळी ग्वाल्हेरहून रात्रीच्या गाडीने निघालेली, अकराला येतो असा निरोप होता, पोचले चंद्रकांता चालू असताना. बाबांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला तर भावी सासरे म्हणाले, "राहू द्या हो, आमचीही चुकलीच असती." मग काय! सोफ्यावर ते चौघं, सतरंजीवर आमचं अर्धं खानदान, मी साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. कुणी माझ्याकडे बघेना. कार्यक्रम संपला तेव्हा पोहे गार.

यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? छंद नाही, स्वयंपाक नाही. "तो मोठ्या डोळ्यांचा ऐयार, बद्रीनाथ, तो शेवटी चांगल्यांच्या बाजूला फिरेल का हो?" मी म्हटलं, फिरणार. लग्न ठरलं.

तो म्हणजे इरफान खान, हे आम्हाला दोघांना कितीतरी वर्षांनी समजलं. २०२० च्या एप्रिलमध्ये तो गेला त्या दिवशी हे ऑफिसचं काम बंद करून जुने भाग शोधत बसले होते. बोलले नाहीत फारसं.

अश्विनी_लोकमान्यनगर:
❤️ आणि गार पोहे खाल्ले का त्यांनी?

ग्वाल्हेरची_सून_इंदूरची_लेक:
दोनदा मागून! सासूबाई मात्र अजून ऐकवतात, तुमच्या इंदुरात पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला टाकून मूळ चव मारतात म्हणून.

छप्पन_भोग:
सासूबाईंना सांगा की पोहे फोडणीत परतायचे नसतात, वाफेवर ठेवायचे असतात. जिरावन वरून. शेव शेवटी. सोबत जिलबी. याच्यात चर्चा नाही.

पुण्यात_अडकलेला:
पुण्यात जिरावन कुठे मिळेल कुणी सांगेल का. इथे दुकानदार चाट मसाला हातात देतो 😭

बिजलीगुल:
आमच्या भागात नेमकी रविवारी सकाळी लाईट जायची. नेमकी! समोरच्या गल्लीतल्या एका काकांनी छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही कारच्या बॅटरीवर चालवायचा जुगाड केला. खिडकीत टीव्ही, रस्त्यावर आम्ही तीसेक डोकी, कुणी कठड्यावर, कुणी स्कूटरच्या सीटवर उभं. अँटेना धरायला पाळीपाळीने गच्चीवर एकजण. गच्चीवरचा ओरडून विचारणार, "आया क्या?" खालून "आया आया, हिल मत!" त्याला बिचाऱ्याला फक्त आवाज ऐकू यायचा. माझी पाळी होती तेव्हाच शिवदत्त आणि वीरेंद्र समोरासमोर आले. आजतागायत तो भाग मी पाहिलेला नाही.

टिल्लू७९:
यूट्यूबवर बघ ना

बिजलीगुल:
तिथे गच्ची नाही.

कोवळी_काकडी:
मी २०१७ ची पाहिलीये, एकाच वर्षी दोन चॅनलवर दोन चंद्रकांता होत्या. मधुरिमा तुलीची मला आवडायची. आई म्हणते खरी चंद्रकांता शिखा स्वरूपच. खरंच एवढी भारी होती का जुनी? मी थोडी बघितली, ग्राफिक्स बघून हसू आलं, सॉरी.

मीनल_के:
बाळा, आम्हालाही येत होतं. पण शिखा स्वरूप नुसती उभी राहिली तरी राजकुमारी वाटायची, मिस इंडिया होती ती. आणि मुकेश खन्ना, पंकज धीर, आपली वर्षा उसगांवकर, एकेक माणूस बघ. महाभारतातले भीष्म आणि कर्ण एकाच मालिकेत परत. आमच्या आत्या पंकज धीरला शिवदत्त म्हणून स्वीकारायलाच तयार नव्हत्या. "कर्ण असं करणार नाही."

वडोदऱ्याची_वृषाली:
आमच्याकडे शेजारच्या गुजराती मासी रोज विचारायच्या "पेलो यक्कू आव्यो?" त्यांना नाव तेच माहीत. मुळात चंद्रकांता ही नायिका आहे हेच त्यांना वर्षभर कळलं नव्हतं, त्यांना वाटायचं ते किल्ल्याचं नाव आहे.

चुनारफेरी:
मी नोकरीनिमित्त मिर्झापूरला होतो तेव्हा चुनारचा किल्ला पाहिला. गंगेच्या काठावर सरळ उभा कातळ, त्याच्यावर किल्ला. तिथला दगड प्रसिद्ध, बलुआ पत्थर. आत एक खोल बावडी आहे. बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "साहब, यहीं से तिलिस्म का रास्ता है।" मी विचारलं, पुस्तक वाचलंस? "नहीं, सीरियल भी नहीं देखा। दादी ने बताया।" शंभर रुपये दिले त्याला. जुना_इंदुरी काका, तुम्ही गेलात तर नक्की जा त्या बावडीपाशी.

जुना_इंदुरी:
गुडघे परवानगी देत नाहीत आता. पण फोटो असतील तर टाका. आणि कोवळी_काकडी, ग्राफिक्सवर हस खुशाल. पुस्तक मात्र वाच, पहिली दहा पानं तरी. संध्याकाळची वेळ, टेकडीखाली खडकावर बसलेले वीरेंद्र आणि तेजसिंह, एवढ्यावर सुरू होतं आणि थेट मुद्द्याला हात घालतं. वनकन्येपर्यंत पोचलीस की झोप विसर.

कोवळी_काकडी:
ती कोण?

खजुरीबाजारवाला:
कुणी सांगू नका!!! मामाने सांगितलं होतं मला, अजून माफ केलेलं नाही.

माधवी_मालवा:
माझ्या आजोबांनीही आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, "हिंदी येतं ना वाचता?" ९६ मध्ये मालिका बंद झाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त चिडचिड त्यांचीच. इतके दिवस चष्मा काढून ठेवला आणि आता म्हणे, असं अर्ध्यात सोडतात का माणसाला! शेवटी त्यांनीच आम्हा नातवंडांना पुस्तकातून पुढचं वाचून दाखवायला घेतलं, त्याच रविवारच्या वेळेला. क्रूरसिंह आला की आम्ही "यक्कू" म्हणायचो. पहिल्यांदा त्यांनी पुस्तक मिटलं. नंतर नंतर स्वतःच थांबून आमची वाट बघायचे.

अश्विनी_लोकमान्यनगर:
किती गोड आजोबा. अपडेट: बंधुराजांनी धागा वाचला. त्यांचं म्हणणं आहे बेसन आईने नाही, मी चोळलं होतं, आणि डोळ्यात गेलं होतं. तीस वर्षांचा राग बाहेर आला. फोन करते त्याला.

पुण्यात_अडकलेला:
जिरावनचं कुणी सांगितलंच नाही

सराफ्यातला_सदू:
अरे हां गिऱ्हाईक गेलं. पुण्याला माझा साडू शनिवारी निघतोय. पाव किलो की अर्धा? शेव पण हवी असेल तर लवंगाची का साधी ते सांग, मागून कटकट नको.

पुण्यात_अडकलेला:
अर्धा. लवंगाची. भिया तुमचे पाय कुठे आहेत.

छप्पन_भोग:
सदू, साडूला सांग डबा सीटखाली ठेवू नको, वास लागला की आख्खा डबा मागतो. माझाही पाव किलो आहे हां त्यात, कोथरूडला द्यायचा आहे बहिणीकडे.