तळमजल्यावरच्या जुन्या सदनिकेत व्हीलचेअर फिरेल असे बदल कसे करावेत?

कृष्णाकाठ:

नमस्कार. आमची सदनिका सांगलीत, १९९१ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. चार महिन्यांपूर्वी आईला (वय ६८) अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू अधू झाली. डाव्या हाताने आधार धरून ती मिनिटभर उभी राहते, मात्र घरात वावरण्यासाठी तिला व्हीलचेअर लागते. खुर्चीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी २५ इंच आहे.

पहिली अडचण संडास आणि मोरीची आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे दोन्ही शेजारी शेजारी, पण स्वतंत्र आहेत. संडास ३ फूट बाय ४ फूट, भारतीय बैठकीचा. मोरी साडेचार फूट बाय ४ फूट. मध्ये साडेचार इंची भिंत. मोरीच्या दाराची मोकळी रुंदी २६ इंच, संडासाची त्याहून कमी, आणि दोन्हींना दोन-दोन इंचांचा उंबरा. सध्या खोलीतच कमोडची खुर्ची ठेवली आहे. आई त्याबद्दल काही बोलत नाही, परंतु पाहुणे आले की ती दुपारपासून पाणी पिणे बंद करते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

दुसरी अडचण प्रवेशाची. पुराच्या भीतीने आमच्या इमारतीचे जोते उंच, म्हणजे जमिनीपासून ३० इंच ठेवलेले आहे. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या आहेत. गवंड्याचे म्हणणे असे की पायऱ्यांवरच दहा फुटांत सिमेंटचा उतार करून देतो, खर्चही फारसा येणार नाही. सोसायटीची तोंडी संमती आहे. हा उतार चालेल का, आणि संडास-मोरीची भिंत पाडून एकच न्हाणीघर करणे शहाणपणाचे आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा:

मी स्थापत्य अभियंता आहे आणि अशी चार-पाच कामे केली आहेत, त्यामुळे आधी उताराचे बोलतो. ३० इंच उंची दहा फुटांत चढवायची म्हणजे उतार १:४ झाला. दुचाकी जोत्यावर चढवण्यासाठी आपल्याकडे जो उतार करतात तो साधारण असाच असतो. मात्र दुचाकीला इंजिन असते आणि व्हीलचेअरला मागून ढकलणारे आपण असतो. चढताना दम लागतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुधारित स्वरूपात प्रसिद्ध केलेल्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उताराचे प्रमाण १:१२ असे दिले आहे, म्हणजे प्रत्येक इंच उंचीला एक फूट लांबी. आपल्या बाबतीत ती लांबी ३० फूट होते. हा आकडा ऐकून बहुतेक घरमालक विषय सोडून देतात, पण उतार सरळ रेषेतच असला पाहिजे असे नाही. इमारतीच्या कडेने १५ फूट जाऊन, ५ फुटांच्या सपाट जागेवर वळून, पुन्हा १५ फूट परत आला तरी चालतो. वळणाच्या जागी आणि दारासमोर किमान ५ फूट सपाट जागा मात्र हवीच, कारण दार उघडेपर्यंत खुर्ची उतारावर थांबवून धरणे हे सर्वांत धोक्याचे काम आहे. दोन्ही बाजूंना कठडा आणि कडेला तीन-चार इंचांची उभी किनार ठेवावी, म्हणजे पुढचे छोटे चाक खाली घसरत नाही.

सांगलीकरांना वेगळे सांगायला नको, पण आपली जमीन काळी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीवर थेट काँक्रीट ओतून केलेला उतार दोन वर्षांत इमारतीपासून सुटतो आणि नेमका दारापाशी एक-दीड इंचाचा खड्डा पडतो. त्यामुळे काळी माती काढून मुरूम भरून, पाणी मारून धुमसून घ्यावा, आणि उतार इमारतीच्या जोत्याला न जखडता मध्ये सांधा ठेवावा. पृष्ठभागाला घोटीव सिमेंट किंवा गुळगुळीत फरशी लावू नये. झाडूने आडव्या रेघा ओढलेले काँक्रीट पावसात सर्वांत चांगले.

भिंतीविषयी सांगायचे तर आरसीसी चौकटीच्या, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभ्या असलेल्या, इमारतीत साडेचार इंची भिंत सहसा भार घेत नाही, तरी कोणा अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय घण मारू नये. १९९१ च्या काही इमारती भारवाहक भिंतींच्याही आहेत. भिंत पाडल्यावर सुमारे ७ फूट १० इंच बाय ४ फूट जागा मिळेल. व्हीलचेअर जागेवर वळवायला ५ फुटांचे वर्तुळ लागते, ते येथे बसणार नाही. म्हणजे खुर्ची सरळ आत नेऊन उलटी बाहेर काढावी लागेल, हे गृहीत धरूनच दाराची जागा ठरवा. दार ३६ इंचांचे करायचे तर वरची लिंटेलही (दारावरची आडवी तुळई) नवी टाकावी लागते, हा खर्च गवंडी सुरुवातीला सांगत नाही.

तळमजल्यावर असल्याने खाली कोणाचे छत नाही, ही आपली मोठी सोय आहे. उंबरा पूर्ण काढून आतली जमीन बाहेरच्या पातळीला आणता येते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब जाळीची नाली आणि तिच्याकडे सौम्य उतार द्यावा.

वैद्यकीय पुनर्वसन:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणे हे माझे काम. वरील मोजमापे योग्य आहेत, पण त्याआधी एक काम करावे. आपल्या आई खुर्चीवरून पलंगावर कशा जातात हे दोन दिवस नुसते पाहा आणि लिहून ठेवा: खुर्ची कोणत्या बाजूला लावली की त्यांना सोपे जाते, कोणता हात कुठे टेकतो, पाय कुठे अडतो. न्हाणीघराचा नकाशा त्यावरून ठरतो.

उजवी बाजू अधू असलेली व्यक्ती सहसा डावीकडे, म्हणजे सशक्त बाजूकडे, सहज सरकते. त्यामुळे कमोडवर बसल्यावर डाव्या हाताला भिंत आणि त्या भिंतीवर आधाराची दांडी येईल अशी कमोडची दिशा ठेवावी. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. जाताना जी बाजू डावी असते ती परतताना उजवी होते. म्हणजे कमोडवरून खुर्चीवर परत येताना त्यांना अधू बाजूकडे सरकावे लागेल. म्हणून डाव्या भिंतीवर इंग्रजी ‘एल’च्या आकाराची दांडी, जिचा आडवा भाग बसताना आणि उभा भाग उठताना कामी येईल, आणि उजव्या बाजूला वर उचलून ठेवता येणारी घडीची दांडी असावी. उजव्या हातात पकड नसली तरी त्या बाजूला तोल गेल्यास ती अडसर म्हणून उपयोगी पडते. मुख्य मदत तेव्हा तुमच्या हाताची असेल, म्हणून मदतनिसाला उभे राहण्यापुरती जागा उजवीकडेच राखा.

कमोडच्या बैठकीची उंची मार्गदर्शक तत्त्वांत ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १८ ते १९ इंच, दिली आहे. बाजारातले साधे कमोड १५-१६ इंचांचे असतात आणि त्यांवरून उठणे एका पायावर भार असलेल्या व्यक्तीला फार जड जाते. कमोडखाली त्याच्याच पायाएवढा काँक्रीटचा ठोकळा करून उंची वाढवता येते. ठोकळा पुढे आला तर पाय मागे घेता येत नाहीत, आणि पाय मागे घेतल्याशिवाय कोणालाच उठता येत नाही. आपण स्वतः करून पाहा. पलंगाची उंचीही खुर्चीच्या बैठकीएवढीच ठेवावी.

टॉवेल टांगायच्या दांडीला आधाराची दांडी समजू नये. रबरी चकत्यांनी टाईलला चिकटणाऱ्या दांड्या तर मी घरात आणूच देत नाही.

चाकावरून:

मी स्वतः एकोणीस वर्षे व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे वरच्या दोन्ही तज्ज्ञांशी सहमत असूनही थोडा वेगळा सूर लावतो. भिंत उद्याच पाडू नका. झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत माणूस बराच बदलतो. आज खुर्चीवर असलेल्या आपल्या आई कदाचित चौपायी काठीवर येतील आणि मग दांड्यांची उंची वेगळी लागेल. तोपर्यंत उंबरे काढा, दाराची पाखे काढून जाड पडदा लावा (पाख आणि बिजागरी गेल्याने एक-दीड इंच रुंदी फुकट मिळते), आणि चाकांची, मध्ये भोक असलेली आंघोळीची खुर्ची घ्या. ती व्हीलचेअरपेक्षा अरुंद असते, मोरीच्या २६ इंची दारातून जाते, आणि तीवर बसूनच आंघोळ होते. भारतीय बैठकीवर मात्र ती जमणार नाही, म्हणून संडासातले भांडे बदलून कमोड बसवण्याचे काम तेवढे आधी करावे लागेल.

आंघोळीची एक बारीक गोष्ट सांगतो, जी कोणत्याही तत्त्वांत नाही. आपण बादली-तांब्याने आंघोळ करणारी माणसे. खुर्चीवर बसल्यावर जमिनीवरची बादली हातभर खाली जाते आणि वाकून तांब्या भरताना तोल जातो. बादली डाव्या हाताशी स्टुलावर ठेवा किंवा हँड शॉवर बसवा, आणि नळ फिरवायचा नको, एका बोटाने ढकलायचा घ्या.

आणखी एक. आपल्या पूर्ण प्रश्नात स्वयंपाकघराचा उल्लेख नाही. आपल्या आईंना तिथे जायचे आहे का, हे त्यांना विचारले आहे का? आपल्याकडच्या ओट्याखाली कडप्प्याचे खण असतात, त्यामुळे खुर्चीचे गुडघे आत जात नाहीत, आणि ते कडप्पे ओट्याचा भार घेत असल्याने काढता येत नाहीत. माझ्या घरी ओट्याला हात न लावता खिडकीशी २९ इंच उंचीचे, खालून पूर्ण मोकळे टेबल ठेवले आणि त्यावर इंडक्शनची शेगडी. माझा चहा मी करतो. पाहुणे आल्यावर पाणी बंद करणाऱ्या माणसाला कमोडइतकीच या टेबलाचीही गरज असू शकते.

कार्यकारिणी:

मी एका सोसायटीचा सचिव होतो, म्हणून एवढेच लिहितो की तोंडी संमतीवर उतार बांधू नका. पार्किंगची जागा जाणार असल्याने सर्वसाधारण सभेत नकाशासह ठराव करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा धाक घालण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. त्यातील जुन्या इमारतींविषयीची तरतूद सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी आहे आणि कायद्याचे नाव काढले की सभासद ताठर होतात. गुडघे दुखणारे आजोबा, बाळाची गाडी आणि गॅसचा सिलिंडर हे तीन मुद्दे सभेत अधिक चालतात. आईंचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र जरूर काढा, आणि महापालिकेत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या ५ टक्के निधीतून सध्या कोणत्या योजना चालू आहेत याची चौकशी करा.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल आईला स्वयंपाकघराबद्दल विचारले. तिने थेट उत्तर दिले नाही, पण संध्याकाळी मेथीची जुडी मागून घेतली आणि एका हाताने तासभर निवडत बसली. टेबल मागवले आहे.

पार्किंगच्या कडेने मोजले असता २७ फूट लांबी मिळते, त्यामुळे वळणाचा उतार बसतो. दुचाकींच्या चार जागा मात्र जातील. त्या रविवारच्या सभेत मांडणार आहे. भिंत सहा महिने पाडणार नाही. संडासातील भांडे बदलण्याचे काम या आठवड्यात सुरू होईल. आता एकच शंका उरते. २०१९ च्या पुरात आमच्या जोत्यावरही पाणी चढले होते. तेव्हा आई स्वतः चालत गच्चीवर गेली होती.

ओळंबा:

पुराच्या वेळी उताराचा उपयोग फक्त पाणी येण्याआधी आहे, हे मनाशी पक्के करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. आपण ४० फुटांची बातमी आली की आईंना गाडीने उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावे, कारण पाण्यातून खुर्चीसकट बोटीत चढवणे चार माणसांनाही अवघड असते. आंघोळीची चाकाची खुर्ची बरोबर न्यावी, दुसऱ्याच्या घरी तीच सर्वांत जास्त लागते. कठड्याला साधे लोखंड न वापरता जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. विजेची खालची बटणे बदलणारच असाल तर ती तीन फुटांवर आणा. खुर्चीवरून हातही पोहोचतो आणि थोड्या पाण्यात ती बुडतही नाहीत.

आणि या आठवड्यात संडासाच्या भिंतीत पाइप गेले, की टाईल लावण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून भिंतीची छायाचित्रे काढून ठेवा. सहा महिन्यांनी दांडीसाठी भोक पाडताना पाइप नेमका कुठे आहे हे गवंड्याला आठवत नसते.