मदत हवी आहे: चरईतले चुन्याचे घर – भिंतीला ओल, तुळयांची टोके कुजली

ठाण्यातल्या चरईत दुमजली कौलारू घर आहे. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. भिंती दीड फुटी, चुन्यातल्या विटांच्या. वर सागाच्या तुळया आणि फळ्यांची तक्तपोशी. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. आता आतून चार फुटांपर्यंत ओल आणि लोणा (क्षारांची पांढरी पूड) आहे. तिथल्याच दोन तुळयांची भिंतीतली टोके पोकळ वाजतात, टोचा दोन इंच आत जातो. कंत्राटदार वॉटरप्रूफिंग आणि खाली लोखंडी आय-बीम सुचवतो. करावे का?

कौलारू:
दोन्ही नको! चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाऱ्याउन्हात सोडून देते. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, म्हणून ओल आत आली आणि तुळयांच्या टोकांशी मुरली. आजार एकच आहे. वॉटरप्रूफिंगने उरलेली वाटही बंद होईल. लोखंडी बीम त्याच ओल्या भिंतीत गंजेल, गंज फुगून विटा फोडेल.

आधी पाणी कुठून येते ते बघा. जुन्या आळ्यांत रस्त्यावर थरावर थर चढून जोते खाली जाते. तसे असेल तर भिंतीलगत उतार देऊन पाणी गटाराकडे काढा. वर वळचणीची कौले आणि पन्हळ तपासा.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा, ब्रेकर लावू नका. हादऱ्याने चुन्याचे सांधे सुटतात. पण त्याआधी तुळयांना टेकू द्या. टेकू फरशीवर थेट नको, खाली जाड फळी हवी.

सुतारपक्ष:
तुळई पूर्ण बदलायची गरज दिसत नाही. टोचा अडेल तिथपर्यंत कुजके लाकूड कापा आणि जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, १२ मिमीचे स्टेनलेस बोल्ट. टोक पुन्हा चुन्यात गाडलेत तर पुन्हा कुजेल. दगडी पाटावर टेकवा, बाजूंनी आणि मागे इंचभर हवा खेळू द्या.

धागाकर्ता:
तुळई नऊ इंच उंच आहे, म्हणजे सांधा सव्वादोन फूट. गिलाव्याचे प्रमाण?

कौलारू:
कळीचा चुना विरवून दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवा (विरवताना उकळतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच). एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग चाळलेली वाळू. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. आधी लोणा कोरड्या ब्रशने झाडा, मग भिंत भिजवा. एका थरात १०-१२ मिमीपेक्षा जास्त नको. जाड थर सुकताना तडकतो. आठ-दहा दिवस ओली पोती लावा. वर फक्त चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. काम पाऊस ओसरल्यावरच.

सुतारपक्ष:
इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असल्याने महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) लागते. लाकूड आणि चुना ओळखणारा अभियंता घ्या. काँक्रीटची ताकद मोजणारा रिबाउंड हॅमर चुन्याच्या भिंतीवर मारून आलेले आकडे निरर्थक असतात, आणि त्यांवरून घर सी-१ (अतिधोकादायक) वर्गात गेले तर रिकामे करून पाडावे लागते. सी-२बी म्हणजे रिकामे न करता दुरुस्ती. टेकू मात्र ऑडिटची वाट न पाहता याच आठवड्यात द्या.