मदत हवी आहे: म्युऑनचा हिशेब आलेखावर कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी बीएस्सीच्या मुलांना कालविस्फारण (वेगात असलेलं घड्याळ मंद चालणं) शिकवायचंय. म्युऑन (वातावरणात वर तयार होणारा अल्पायुषी कण) 15 किमी उंचीवरून निघतो, वेग प्रकाशाच्या 0.995 पट, गॅमा (घड्याळ किती पट मंद चालतं तो आकडा) 10. जमिनीच्या हिशेबाने प्रवास 50.25 मायक्रोसेकंदांचा, म्युऑनच्या घड्याळात 5.02, सरासरी आयुष्य 2.2, म्हणून साधारण दहातला एक खाली पोचतो. इथवर सोपं.

पण म्युऑनच्या दृष्टीने जमिनीचंच घड्याळ मंद, अख्ख्या प्रवासात जेमतेम 0.5 मायक्रोसेकंद पुढे सरकतं! त्याच्या समकालिकतेनुसार (म्हणजे कुठल्या घटना एकाच वेळी घडल्या याच्या त्याच्या हिशेबाने) तो निघाला तेव्हाच खालच्या घड्याळात 49.75 वाजलेले, जमिनीच्या हिशेबाने मात्र तेव्हा शून्य. मुलं नेमकी इथे अडतात.

काळ-अंतराचा आलेख काढावा तर म्युऑनचे अक्ष 44.9 अंश झुकून प्रकाशरेषेला (प्रकाशाचा मार्ग दाखवणाऱ्या 45 अंशांच्या रेषेला) चिकटतात. 0.6 पट वेगाला चित्र सुरेख (31 अंश, गॅमा 1.25), पण म्युऑन वाटेतच संपतात. फळ्यावर दाखवता येईल अशी युक्ती कुणी सुचवेल का? सूत्रं नकोत, ती त्यांना पाठच आहेत.